मुंबई ते नागपूर: किती किलोमीटर, किती तास, आणि मग घरातून निघायचं किती वाजता

"समृद्धीनं आठ तास." एवढं ऐकून मी सासऱ्यांना फोनवर सांगून मोकळा झालो होतो, "पहाटे साडेपाचला निघतो, दीडला पानावर बसू." पोचलो सव्वापाचला. पाटोडीचा रस्सा तिसऱ्यांदा गॅसवर चढला होता. सासरे काहीच बोलले नाहीत.

रस्त्यानं काही दगा दिला नव्हता. आठ तासांचा आकडा समृद्धी महामार्गाच्या दोन टोकांचा, म्हणजे मुंबईकडचं आमणे ते नागपूरकडचं शिवमडका एवढ्याचा आहे, आणि मी राहतो दादरला, सासुरवाडी सीताबर्डीला. दोन्हीकडची शेपटं, चहापाणी आणि निघताना झालेला उशीर मी धरलेच नव्हते. नंतर पाहिलं तर ओळखीतले निम्मे लोक हाच हिशोब असाच चुकवतात. कुणी रेल्वेचं अंतर घेऊन मोटारीचा वेळ काढतो, तर कुणी रात्री अकराला नकाशा उघडून सकाळी सातचा प्रवास ठरवतो. म्हणून ही रीत क्रमानं लिहितो आहे. क्रम मोडू नका, विशेषतः दुसरा टप्पा.

टप्पा १. कुठून कुठे, ते कागदावर लिहा

मुंबई-नागपूर अंतर विचारलं की चार वेगवेगळे आकडे कानावर येतात, आणि गंमत म्हणजे चारही बरोबर असतात.

सरळ रेषेत, म्हणजे विमानाच्या वाटेनं, सुमारे ६९० किलोमीटर. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते नागपूर स्टेशन लोहमार्गानं ८३७ किलोमीटर, कारण गाडी मनमाड-भुसावळ-अकोला-बडनेरा-वर्धा असा वळसा घेते. आणि चौथा आकडा तुमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंतचा. आमच्यासाठी तो सुमारे ७७० आहे: दादर ते आमणे ५० च्या आसपास, मग ७०१, मग शिवमडक्यापासून सीताबर्डीपर्यंत १५ ते २०.

तुमच्या कामाचा फक्त चौथा. तो काढताना नकाशात नुसतं "नागपूर" टाकू नका. ॲप शहराच्या मधोमध कुठेतरी खूण ठेवतं; तुम्हाला जायचं असतं मानेवाड्याला नाही तर कोराडीला. विधानभवनाजवळच्या झीरो माइलच्या खांबापासून सगळी अंतरं मोजतात असं समजणारेही भेटतात. तुमच्या फोनला त्या खांबाशी काही देणंघेणं नाही. समोरच्याकडून त्याच्या घराची खूण मागवून घ्या आणि तीच टाका.

तपासा: नकाशात "टोल टाळा" हा पर्याय चालू राहिला असेल तर समृद्धी दिसणारच नाही आणि वेळ भलताच वाढलेला दिसेल. दुचाकीचा पर्याय निवडलेला असला तरी तेच. समृद्धीवर दुचाकी आणि रिक्षांना मज्जाव आहे, त्यामुळे बुलेटवरून जाणाऱ्यांनी जुन्या रस्त्याचाच हिशोब धरावा.

टप्पा २. आधी पोचायची वेळ ठरवा, निघायची नाही

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. आपण "पाचला निघू" असं आधी ठरवतो आणि मग जेव्हा पोचू तेव्हा पोचू. उलट करा. पोचायची वेळ वर लिहा आणि तिथून खाली उतरत या.

समजा लग्नाचा मुहूर्त ११ वाजून ४२ मिनिटांचा आहे. तुमची पोचायची वेळ ११.४२ नव्हे. आंघोळ, कपडे, घरातून कार्यालयापर्यंतची रिक्षा आणि वधूपक्षाच्या चार काकवांना भेटणं धरून तुम्ही नागपुरातल्या घरी साडेनऊला हवेत. म्हणजे मोटारीनं जाणार असाल तर आदल्या दिवशीच निघायचं. रात्रभर गाडी हाकून सकाळी मांडवात उभं राहायचा विचार करत असाल तर टप्पा ५ मधला इशारा आधी वाचा.

जाता जाता: नागपूर मुंबईच्या पूर्वेला सव्वासहा अंशांवर आहे, म्हणून तिथला सूर्य मुंबईपेक्षा साधारण २५ मिनिटं आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. घड्याळ दोन्हीकडे एकच. पण "अंधार पडायच्या आत पोचू" म्हणताना मुंबईची संध्याकाळ डोळ्यांसमोर असेल, तर शेवटचा अर्धा तास दिवे लावून काढावा लागेल.

टप्पा ३. रस्त्याचे तीन तुकडे करा

७७० भागिले १०० म्हणजे पावणेआठ तास, असा भागाकार करू नका. तिन्ही तुकड्यांचा वेग वेगळा, म्हणून वेळही वेगवेगळा काढायचा.

*पहिला तुकडा: घर ते आमणे.* आमणे भिवंडी तालुक्यात आहे, नाशिकच्या महामार्गाला लागून. अंतर फक्त ५० किलोमीटर, पण सगळा हिशोब इथेच बिघडतो. पहाटे पाचला निघालात तर तासाभरात पोचता. सव्वासहाला निघालात तर ठाणे, माजिवडा आणि भिवंडी बायपासवर कंटेनरच्या मागे उभं राहून पावणेदोन-दोन तास जातात. घरातून निघताना झालेला एक तासाचा उशीर आमण्याला पोचेपर्यंत दोन तासांचा होतो. संध्याकाळी निघणाऱ्यांनी अडीच तास धरावेत.

या तुकड्याचा वेळ बघण्याची एकच खरी रीत आहे. नकाशात "निघण्याची वेळ" बदलून तोच वार आणि तीच वेळ टाकायची. आत्ताची वाहतूक बघून उद्याचा अंदाज बांधू नका. रविवारी रात्री पाहिलेला आकडा सोमवारी सकाळी काही कामाचा नाही.

*दुसरा तुकडा: आमणे ते शिवमडका, ७०१ किलोमीटर.* इथे मोटारीला सपाटीवर ताशी १२० ची मर्यादा आहे, घाटात १००. सलग १२० नं गेलात तर पाच तास पन्नास मिनिटं होतात, असं कागदावर दिसतं. कागदावरच. लेन अडवून चाललेले ट्रक, पावसाची सर, घाट आणि आपली स्वतःची पाठ हे सगळं धरून चालत्या गाडीचा सरासरी वेग ९५ च्या पुढे फारसा जात नाही. ७०१ भागिले ९५ म्हणजे सात तास वीस मिनिटं. मी हाच आकडा वापरतो आणि तो मला अजून खोटा पडलेला नाही.

वेग वाढवून वेळ वाचवायचा मोह होतो, म्हणून हेही मोजून ठेवा. संपूर्ण ७०१ किलोमीटर १०० ऐवजी १२० नं कापले तरी वाचतात एक तास दहा मिनिटं. पहाटे एक तास लवकर निघालात तर तेवढाच वेळ फुकटात वाचतो, पेट्रोलही कमी जळतं.

*तिसरा तुकडा: शिवमडका ते घर.* इथे ४० मिनिटं धरा. संध्याकाळी सहा-सातला वर्धा रोड किंवा हिंगणा रोडवरून शहरात शिरत असाल तर तास धरा. दहा तास गाडी चालवल्यावर लागलेला हा पहिलाच सिग्नल असतो आणि माणूस नेमका इथे चिडतो.

तपासा: तिन्ही तुकड्यांचे वेळ वेगवेगळ्या ओळींवर लिहिलेत का? एकच बेरीज लिहिली असेल तर पुढे वाटेत चूक कुठे झाली ते कळणार नाही.

टप्पा ४. थांब्यांचा वेळ खरा धरा

"एकदाच थांबू, दहा मिनिटं." असं आजवर कुणाच्याही बाबतीत घडलेलं नाही. गाडीतून उतरणं, स्वच्छतागृहाची रांग, चहा, कुणीतरी "भजी गरम आहेत का हो?" विचारणं, परत बसणं, आणि मग कुणाची तरी पाण्याची बाटली टेबलावर राहणं. २५ मिनिटं जातातच. असे तीन थांबे म्हणजे सव्वा तास. लहान मूल किंवा सत्तरीपुढचं माणूस बरोबर असेल तर चार थांबे आणि पावणेदोन तास.

थांबा हवा तेव्हा मिळेलच असं नाही. समृद्धीवर जुन्या रस्त्यासारखे दर दोन मैलांवर धाबे नाहीत. कुंपण घातलेला रस्ता आहे, मनात आलं म्हणून उतरता येत नाही. इंटरचेंजवरून बाहेर पडून गावात जेवून परत चढायचं म्हटलं तर पाऊण तास धरा. म्हणून पंप दिसला की टाकी अर्धी असली तरी भरून घ्या, आणि डब्यात पोळीभाजी असू द्या. आमच्याकडे मेथीचे ठेपले असतात. गाडीत खाताना सांडत नाहीत.

टप्पा ५. आदल्या दिवशीची गाडीची तयारी

हे सकाळी करायला गेलात की निघण्याची वेळ गेलीच.

आधी टायर. काँक्रीटचा रस्ता, तासन्‌तास एकच वेग आणि विदर्भातलं ऊन. इथे झिजलेला टायर फुटतो. टायरच्या कडेवर चार आकडी तारीख असते. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. पाच-सहा वर्षं उलटली असतील तर नक्षी चांगली दिसत असली तरी दुकानात दाखवून घ्या. हवा टायर थंड असताना भरायची. किती, ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. पंपावरच्या पोराला "भर रे पस्तीस" म्हणू नका. स्टेपनीतली हवा बघायला सगळे विसरतात.

मग फास्टॅग. टोल चढताना कापला जात नाही, उतरताना आलेल्या अंतराप्रमाणे एकदम जातो. १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरानं मोटारीचा संपूर्ण रस्त्याचा टोल १,४४५ रुपये होतो. निघण्याआधी खात्यात दोन हजार आहेत याची खात्री करा आणि मगच झोपा. शिवमडक्याच्या नाक्यावर, मागे हॉर्न वाजत असताना, ओटीपीची वाट बघण्यात काही मजा नाही.

इंधनाचं साधं गणित: ३५ लिटरची टाकी आणि १६ चं ॲव्हरेज असेल तर ५६० किलोमीटर. म्हणजे एका टाकीत नागपूर येत नाही. ताशी १२० ला ॲव्हरेज आणखी पडतं.

इशारा: हा रस्ता रात्री एकट्या चालकानं करायचा नाही. सरळसोट, वळण नाही, गाव नाही, गाडीत गुणगुणणारा एसी. डोळे उघडे असतात आणि माणूस झोपलेला असतो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बसला अपघात होऊन २५ जण गेले, ते याच रस्त्यावर. दोन चालक असतील तर दर दोन तासांनी बदला. एकच असेल तर पहाटे निघा, रात्री सात तास झोप घेऊन.

टप्पा ६. आता बेरीज, आणि तीही उलटी

पहाटे निघण्याचा आमचा हिशोब असा दिसतो:

घर ते आमणे: १ तास
आमणे ते शिवमडका: ७ तास २० मिनिटं
तीन थांबे: १ तास १५ मिनिटं
शिवमडका ते घर: ४० मिनिटं
एकूण: १० तास १५ मिनिटं

यावर एक तास राखीव. पंक्चर, अपघातामुळे बंद झालेली लेन, पोराला गाडी लागणं, काहीही. म्हणजे सव्वाअकरा तास. सासऱ्यांना संध्याकाळी साडेचारला चहाला पोचायचं कबूल केलं असेल तर निघायचं सव्वापाचला, आणि "निघायचं" म्हणजे गाडीचं चाक फिरायला हवं. सामान रात्रीच डिकीत.

आता माझी ती फसलेली फेरी याच तक्त्यात घालून बघा. साडेपाच म्हणत प्रत्यक्षात निघालो ६.१० ला. आमण्यापर्यंत एक तास पन्नास मिनिटं गेली, आठ वाजले. सात तास वीस मिनिटं आणि सव्वा तासाचे थांबे, ४.३५. पुढे चाळीस मिनिटं. सव्वापाच. प्रवासात काहीही बिघडलं नव्हतं.

टप्पा ७. रेल्वेनं जाणार असाल तर

इथे भागाकाराचा प्रश्न नाही, वेळापत्रक आहे. रात्रीची दुरांतो साधारण अकरा तास घेते, बाकीच्या बऱ्याचशा गाड्या तेरा ते पंधरा. चुका वेगळ्या होतात.

सगळ्यात महागडी चूक मध्यरात्रीची. माझ्या मावशीला भुसावळहून नागपूरची गाडी होती, रात्री १२ वाजून २० मिनिटांनी. १४ तारखेच्या रात्री जायचं म्हणून तिकीट काढलं १४ तारखेचं. मावशी १४ ला रात्री जेवून, डबा घेऊन फलाटावर. गाडी आली, डबा सापडला, बर्थवर दुसराच माणूस झोपलेला. तिची गाडी आदल्या रात्री, म्हणजे १३ ची रात्र संपून १४ लागल्यावर वीस मिनिटांनी, निघून गेली होती. टीसीनं तिकीट हातात घेतलं, घड्याळाकडे बोट केलं आणि म्हणाला, "मावशी, आता पंधरा तारीख लागली."

तपासा: गाडीची वेळ ००.०० ते ०३.०० च्या मधली असेल तर तिकिटावरच्या तारखेच्या *आदल्या* संध्याकाळी घरातून निघायचं. कॅलेंडरवर त्या संध्याकाळच्या चौकोनात लिहा. लक्षात ठेवा, तिकिटावरची तारीख तुम्ही ज्या स्टेशनवर चढता तिथली असते, गाडी जिथून सुटली तिथली नव्हे.

दुसरं, स्टेशन. "मुंबई" म्हणजे सीएसएमटी, दादर की कुर्ल्याचं लोकमान्य टिळक टर्मिनस? नागपूरच्या बाजूला नागपूर जंक्शन की अजनी? न्यायला येणारा एका स्टेशनवर आणि तुम्ही दुसऱ्या, हे दर सुट्टीत होतं.

तिसरं, उशिराचा अंदाज. रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर तीच गाडी गेले चार-पाच दिवस किती वाजता पोचली ते बघा. मुंबईकडे येताना एक सवलत मिळते: शेवटच्या पट्ट्यात वेळापत्रकात थोडा मोकळा वेळ ठेवलेला असतो, त्यामुळे कल्याणला वीस मिनिटं उशिरा आलेली गाडीही कधीकधी वेळेवर टेकते. त्या भरवशावर मात्र पुढचं विमान पकडायला जाऊ नका.

टप्पा ८. विमानानं जाणार असाल तर

तिकिटावर दीड-पावणेदोन तास. दारापासून दारापर्यंत: दादरहून विमानतळ पाऊण तास, तिथे दोन तास आधी, प्रवास पावणेदोन तास, सामान वीस मिनिटं, सोनेगावच्या विमानतळावरून घरी अर्धा तास. पाच तास वीस मिनिटं होतात. सामान द्यायची खिडकी बहुतेक कंपन्या उड्डाणाच्या तासभर आधी बंद करतात, दार २५ मिनिटं आधी, म्हणून ते दोन तास कापू नका.

तपासा: मुंबईत आता नवी मुंबईचाही विमानतळ आहे. स्वस्त दिसलं म्हणून तिकीट काढण्याआधी विमान कुठून सुटतंय ते वाचा. बोरिवलीच्या माणसाला तो फरक तासा-दीड तासाचा पडतो.

टप्पा ९. निघाल्यावर वेळ कशी दुरुस्त करायची

मोटारीनं जाणाऱ्यांसाठी पुन्हा. समृद्धीच्या कडेला किलोमीटरचे आकडे असतात आणि ते नागपूरकडून सुरू होतात. शिवमडका शून्य, आमणे ७०१. म्हणजे मुंबईहून जाताना आकडा उतरत जातो आणि तोच तुमचं उरलेलं अंतर असतो. नकाशाची गरज नाही. इगतपुरीच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यात तर नकाशाची खूण अडकते किंवा भरकटते, तेव्हा घाबरून लेन बदलू नका.

हिशोब तोंडी होतो. आकड्याला ९५ नं भागा, उरलेले थांबे मिळवा, शहरातली ४० मिनिटं मिळवा. शिर्डीपाशी आकडा ५२० असतो: साडेपाच तास, दोन थांबे पन्नास मिनिटं, वर चाळीस. सात तास. शिर्डी साडेआठला ओलांडली असेल तर घर साडेतीनला. निम्मा रस्ता जालना-सिंदखेडराजाच्या पट्ट्यात संपतो. तिथल्या थांब्यावर हिशोब पुन्हा करा, आणि यजमानांना फोन तिथूनच करा. घरातून निघतानाचा अंदाज कुणी ऐकत नाही आणि शिवमडक्यावरून केलेल्या फोनवर स्वयंपाक होत नाही.

गाडी बंद पडली तर तोच आकडा कामाला येतो. मदत मागताना आकडा आणि दिशा दोन्ही सांगा: "३४० च्या जवळ, नागपूरकडे जाणाऱ्या बाजूला." नुसतं "जालन्याच्या पुढे" सांगितलंत तर मदतीची गाडी दुभाजकाच्या पलीकडून निघून जाते.

परतीला तेच तीन तुकडे, पण वेळ वेगळा. सकाळी सातला सीताबर्डीहून निघालात तर सूर्य पाठीशी असतो, मात्र शेवटचे दोन-अडीच तास तो समोरून डोळ्यांत येतो, नेमके इगतपुरी-शहापूरच्या बाजूला. सनग्लास पुढच्या कप्प्यात ठेवा. आणि भिवंडी-ठाण्याला तुम्ही दुपारी चारला पोचणार, म्हणून आमणे ते घर एक नाही, दोन तास लिहा.